पहिली पाटी मालकांची

वन्संची जागा गेली कशी, हे मला आतापर्यंत इतक्या जणांनी विचारलं आहे की हल्ली सांगताना माझं मलाच ऐकू येत नाही. जिन्यात उभी राहून सांगते, फोनवर सांगते, दुकानात सुट्ट्या पैशांची वाट बघताना सांगते. ऐकणारा "अगं बाई!" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. म्हणून आज वहीत दूध, औषधं, आलं-गेलं असं रोजचं न लिहिता वन्संबद्दलच सलग लिहून काढते. सकाळचा जप झाला आहे. हे बाहेर गेलेत. वन्सं मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. झोपलेल्या नाहीत. झोपल्या की त्या घोरतात.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. आमच्या भागात त्यांना सगळे "रोपवाली" म्हणत. अगदी लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा एकाने "सौ. रोपवाली व कुटुंब" असं लिहून पाठवलं होतं. वन्संनी ती पत्रिका आल्यागेल्याला दाखवली. राग नव्हता, कौतुकच होतं.

त्यांच्या भाड्याच्या खोलीला लागून एक रिकामी जागा होती. लोक तिथे फुटक्या कुंड्या, मोडक्या खुर्च्या आणि मेलेले उंदीर टाकत. जागा कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांनी ती रीतसर खरेदी केली होती, सरकारदरबारी त्यांचं नाव लागलं होतं, आणि मग ते नोकरीसाठी जे लांब गेले ते परत फिरकलेच नाहीत. आमचे नंदावे, म्हणजे वन्संचे यजमान, तेव्हा लाकडाच्या वखारीत कामाला होते. वासाने जेवण जाईना म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी घमेलं-फावडं घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. पुढच्या सुट्टीला आणखी उचलला. जमीन दिसू लागल्यावर वन्संनी तिथे मिरचीची चार रोपं लावली. हे इतकं साधं होतं. "जागा बळकावू या" असं त्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. त्यांना तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मिरचीनंतर वांगी आली, मग गुलाब, डाळिंब, अंजीर, लिंबू. तेलाच्या रिकाम्या डब्यांना बुडाला भोकं पाडून वन्सं रोपं करू लागल्या आणि लोक ती विकत न्यायला लागले. नंदाव्यांनी वखारीतल्या वाकड्या फळ्यांचं कुंपण घातलं. भाड्याची खोली सुटली तेव्हा त्याच जागेत विटांच्या दोन खोल्या बांधल्या. पाण्याचा नळ आला, विजेचा मीटर आला, दोन्ही नंदाव्यांच्या नावावर. मालकांना विचारलं नव्हतं. एकदा मी भीतभीत काढलं होतं, "भावजी, एक पत्र टाकून बघायचं का?" तर म्हणाले, "वहिनी, विचारलं तर ते नाही म्हणतील. मग सोडावी लागेल. न विचारलेलं बरं, त्यांनाही त्रास नाही."

वन्संना मात्र हे बोचत असे. मालकांची आत्या दोन गल्ल्या सोडून एकटीच राहायची. कुंपणाजवळचं लिंबाचं झाड पहिल्यांदा लगडलं, तेव्हा वन्संनी पहिली पाटी भरली, वरून ओलं फडकं टाकलं आणि ती आत्याबाईंच्या दारात नेऊन ठेवली. त्यानंतर दर बहाराला हेच. बाजारात लिंबू जायच्या आधी, माझ्या घरी यायच्या आधी, पहिली पाटी तिकडे. आत्याबाई पाटी कधी रिकामी परत देत नसत. कधी साखर, कधी जुनी साडी, एकदा तर चालू स्थितीतलं घड्याळ. आणि विचारायच्या, "काय गं, आमच्या जागेत यंदा काय काय लावलंयस?" वन्सं सगळं सांगायच्या. नंदावे हसायचे. "हिचं लिंबांचं भाडं चाललंय," म्हणायचे.

नंदावे गेले, नंतर आत्याबाईही गेल्या. मालक तर परमुलखात आधीच वारले होते. वन्संना मूल नाही. सकाळी उजाडायच्या आत उठून झारीने पाणी घालायचं, ऊन चढेपर्यंत माती कालवायची, गिऱ्हाइकाशी भांडायचं. गिऱ्हाइकाशी त्या भांडत फार. कोणी म्हणालं, "मावशी, रोप मेलं," की त्या म्हणत, "मेलं नाही, तुम्ही मारलंत. काय घातलंत ते खरं सांगा." आणि माणूस कबूलही करे. पानाची खालची बाजू उलटून बघितली की त्यांना रोपाचा सगळा इतिहास दिसे.

मग एके दुपारी मालकांचा मुलगा आला. चष्मा, केस पांढरे व्हायला लागलेले, पायांत चांगले बूट. चिखलातून जपून पावलं टाकत आत आला. मी तिथेच होते, डाळिंबाला पिशव्या बांधत होते. वन्संनी त्याला लगेच ओळखलं.

"अरे, तू आत्याबाईंकडे सुट्टीत यायचास तो ना? केवढा झालास!"

तो वरमला. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "काकू, मला इथे बांधायचंय. तुम्हाला दुसरीकडे जागा बघावी लागेल. सहा-आठ महिने घ्या हवं तर."

वन्सं म्हणाल्या, "चहा घेतोस?"

तो गेल्यावर त्या बराच वेळ कप विसळत राहिल्या. मला म्हणाल्या, "बोलायला चांगला आहे." मग म्हणाल्या, "या वयात मी दुसरीकडे काय लावू, वहिनी?" 

ह्यांना कळल्यावर हे भडकले. "सोडायची म्हणजे? कायदा आहे म्हणावं!" यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी एका वकीलबाईंचं नाव सांगितलं आणि आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. जिना चढून वर ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान, सगळा वेळ यंत्राचा आवाज. वकीलबाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. सगळं ऐकल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"तुमची बाजू चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कागदावर मालक कोणीही असो. एखादा माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे राहिला, सलग राहिला, त्याला कोणी परवानगी दिलेली नाही, आणि मालकाने मुदतीत काही हालचाल केली नाही, तर मालकाचा जागा परत मागायचा हक्क संपतो. ती मुदत केव्हाच उलटून गेलीय. घर आहे, मीटर आहे, कुंपण आहे. फक्त एक गोष्ट लागते. ताबा मालकाच्या विरोधात हवा. म्हणजे, ही जागा माझी आहे, मी इतर कोणाला मालक मानत नाही, असं तुमचं वागणं हवं."

वन्सं पदराचं टोक चोळत होत्या. "म्हणजे आम्ही चोरी केली असं सांगायचं?"

"चोरी नाही हो आई. ताबा."

"दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली, आणि वर माझीच म्हटलं. आमच्याकडे त्याला दुसरा शब्द नाही."

"कायद्यात आहे," वकीलबाई हसून म्हणाल्या. हेही हसले. वन्सं हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि लिंबं?"

"कसली लिंबं?"

मग पाटीचं सांगितलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. 

"हे त्या मुलाला माहीत आहे?"

"त्याने खाल्लीत की! सरबत करून प्यायचा तो."

वकीलबाईंनी कपाळ चोळलं. म्हणाल्या, "आई, रागावू नका. कुंपण घालून त्या लोकांना रोज शिव्या दिल्या असत्यात, तर आज मी निश्चिंत असते." मग जरा विचार करून म्हणाल्या, "असू दे. शेजारी शेजाऱ्याला देतोच. विचारलंच तर एवढंच सांगायचं, शेजारी म्हणून दिली. एका शब्दाने जास्त नाही. आणि त्यात खोटंही काही नाही, शेजारी होतेच ते."

मुलाने दावा लावला, आमच्याकडून उत्तर गेलं, तारखा पडत राहिल्या. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाकं होती, त्यावर आम्ही बसायचो आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचो. वन्सं येताना पिशवीत एखादं रोप आणायच्या, आणि परत जाताना ते नसायचं. व्हरांड्यातल्या पट्टेवाल्याच्या घरी म्हणे त्यांच्या हातची चार रोपं आहेत.

साक्षीच्या आदल्या दिवशी यांनी वन्संची तालीम घेतली. हे झाले समोरचे वकील. जेवणाच्या टेबलाशी चष्मा नाकावर ओढून म्हणाले, "बोला बाई, लिंबं का दिलीत?"

"शेजारी म्हणून दिली."

"दरवर्षी का दिलीत?"

"शेजारी दरवर्षी होते."

"वा, ताई! आता उद्या हेच."

"तू वकील शोभत नाहीस बाळ्या," वन्सं म्हणाल्या. "तोंडाला वरण लागलंय."

संध्याकाळी मी देवापुढे बसले. रोज मागणं सोपं असतं, सगळ्यांना सुखी ठेव. त्या दिवशी नेमकं काय मागायचं ते सुचेना. वन्संच्या तोंडून ते एक वाक्य निघू दे, एवढंच मागायचं होतं. ते नीट शब्दांत आलं नाही. नुसतीच हात जोडून बसले आणि उठले.

कोर्टाची खोली लहान. वर पंखा, एका बाजूला कपाट, त्याला दोरी बांधलेली, कारण दार आपोआप उघडत असे. न्यायाधीशबाई शांत होत्या. वन्संनी देवाची शपथ घेतली. आमच्या वकीलबाईंनी विचारलेलं सगळं त्यांनी नीट सांगितलं. कचरा, कुंपण, नळ, मीटर, घर. कोणाची परवानगी घेतली नाही. कोणी अडवलं नाही. यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, चाललंय, अशा अर्थाने.

मग समोरचे वकील उठले. मला वाटलं होतं ओरडतील. ते उतारवयाचे होते आणि आवाज मऊ होता.

"आई, बसून बोलणार का?"

"नको. उभं राहायची सवय आहे."

"तुमची लिंबं फार रसाळ असायची म्हणे."

वन्संचा चेहरा एकदम उजळला. कितीतरी महिन्यांनी मी तो तसा पाहिला. "सालीला नख लावलं की घरभर वास. खत विकतचं नाही घातलं कधी."

"आमचे पक्षकार अजून आठवण काढतात."

"काढणारच. एवढासा होता. पाटी खाली ठेवायच्या आत हात घालायचा."

"दरवर्षी जायची पाटी?"

"एक बहार चुकला नाही. हे आजारी होते त्या वर्षीही नेली."

"बाजारात नेऊन उरली की आत्याबाईंना, असं?"

"छे!" वन्संना ते लागलं. "उरलेली कशी देईन? पहिली पाटी मालकांची. मग बाकीचं."

टाइप करणाऱ्या माणसाने ते टाइप केलं. यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो सुटला.

"मालक म्हणजे कोण, आई?"

"मालक म्हणजे मालक. ज्यांची जागा आहे ते."

"बस," ते वकील म्हणाले आणि खाली बसले. विजय मिळाल्यासारखे दिसले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

आमच्या वकीलबाईंनी पुन्हा उठून विचारायची परवानगी मागितली. मिळाली. त्यांनी अगदी सावकाश, एकेक शब्द वन्संच्या हातात ठेवल्यासारखं विचारलं, "तुमच्या घराच्या आजूबाजूच्या सगळ्याच लोकांना तुम्ही लिंबं देत होतात का?"

वन्संना कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय केलं ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "देत होते ना. शेजाऱ्यांना द्यायचेच. पण ती नंतरची. बारकी."

व्हरांड्यात आल्यावर हे खांबाला टेकून उभे राहिले. "ताई, एक वाक्य. एवढं एक वाक्य तुला येत नव्हतं?"

"येत होतं रे."

"मग? खोटं बोलायचं नव्हतं? देवाची शपथ घेतली म्हणून?"

"मी काही एवढी मोठी नाही," वन्सं म्हणाल्या. "कलम म्हणून बियांचं रोप खपवलंय मी, एकदा नाही, दहादा. पण त्याने लिंबांचं विचारलं, मी लिंबांचं सांगितलं. ते वाक्य आठवलं तोवर तो खाली बसला होता."

"आणि नंतर? वकीलबाईंनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा आठवलं होतं," वन्सं म्हणाल्या. "पण बारकी लिंबं मालकांना दिली असं कसं म्हणू? आत्याबाईंनी घड्याळ दिलं होतं मला."

हे पुढे चालू लागले. आम्ही रिक्षा करून घरी आलो. मी भात लावला.

निकाल आला तो वकीलबाईंनी वाचून समजावला. ताबा जुना आहे, उघड आहे, सलग आहे, हे सगळं कोर्टाने मान्य केलं होतं. पण या बाईंनी मालकाला सतत मालकच मानलं, तेव्हा हा ताबा मालकाच्या विरोधात होता असं म्हणता येत नाही, असं त्यात होतं. जागा रिकामी करून द्यायला मुदत दिली होती. वकीलबाई म्हणाल्या, अपील करता येईल.

"तिथे मला परत उभं करतील?" वन्संनी विचारलं.

"नाही, तिथे झालेली साक्षच वाचतात."

"मग तेच वाचतील ना," वन्सं म्हणाल्या. त्यांनी अपील केलं नाही. ह्यांनी आठवडाभर समजावलं, मग सोडून दिलं.

ताबा द्यायच्या दिवशी कोर्टाचा माणूस आला, दोन मजूर आले, मुलगा आला. कोर्टाच्या माणसाने समजावलं, डब्यातलं आणि कुंडीतलं जे आहे ते तुमचं, घेऊन जा. जे जमिनीत लावलंय ते जमिनीबरोबर जाईल. वन्संनी मान डोलावली. त्यांच्या आयुष्यातलं बहुतेक सगळं जमिनीत लावलेलं होतं. डब्यांतलं एका टेम्पोत मावलं, त्यातलंही अर्धं त्यांनी बघायला जमलेल्या बायकांना वाटून टाकलं.

मुलगा लिंबाच्या झाडापाशी घुटमळत होता. म्हणाला, "काकू, हे ठेवावं असं फार वाटतं मला. पण गाडी इथूनच आत यायचीय."

"मूळ खोल आहे," वन्सं म्हणाल्या. "एका माणसाचं काम नाही. दोघं लागतील, आणि पहार."

"तुम्ही रागावलात?"

"नाही रे."

आणि त्या खरंच रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर आम्हाला काहीतरी करता आलं असतं, समजूत तरी घालता आली असती. कोर्टाच्या माणसाने सही कुठे करायची ते दाखवलं, त्यांनी केली. मुलाने रिक्षा थांबवली. रस्त्यात त्यांनी मला विचारलं, "आज दूधवाला येऊन गेला का गं?"

आता त्या आमच्याकडे असतात. आणलेल्या कुंड्या गच्चीत ठेवल्या आहेत. पाणी मी घालते. त्या गच्चीत जात नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात. पहाटे उठतात, अंघोळ करतात आणि पलंगाच्या कडेला बसून राहतात. मी प्रार्थनेला बसले की माझ्यामागे येऊन बसतात, हात जोडतात. मी म्हणते, "चला वन्सं, जरा खाली फिरून येऊ." म्हणतात, "चल." मी म्हणते, "राहू दे, ऊन आहे." म्हणतात, "राहू दे."

काल दुपारी आम्ही दोघी मटार सोलत होतो. वन्संच्या जागेपलीकडच्या इमारतीतल्या शिक्षिका आल्या, कोणाकडून तरी आमचा पत्ता काढून. रुमालात गुंडाळलेलं एक पान घेऊन आल्या होत्या.

"मावशी, तुमच्याचकडून नेलेलं डाळिंब हो. छान वाढत होतं. आता सगळी पानं अशी व्हायला लागलीत. बघा ना."

वन्संनी पान हातात घेतलं. उलटं केलं, खालची बाजू बघितली, देठाशी बोट लावलं. मी मटाराची शेंग हातात धरून थांबले. शिक्षिकाही वाकून थांबल्या होत्या.

"मला नाही माहीत," वन्सं म्हणाल्या.

"अहो, तुम्हाला नाही माहीत असं कसं होईल?"

"दुसरीकडे कुठे तरी विचारा."

शिक्षिकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना दारापर्यंत सोडलं, चप्पल घालताना "बरं नाहीये का त्यांना?" असं त्यांनी हळूच विचारलं. मी "हो, जरा" असं काहीतरी म्हणाले.

परत येऊन बसले. वन्संनी पान ताटाच्या कडेला ठेवून दिलं होतं आणि पुढची शेंग घेतली होती. इतकी वर्षं जवळून बघून मलासुद्धा थोडं कळतं. मी म्हटलं, "पाणी जास्त घालत असेल ना हो ती?"

"घालत असेल," वन्सं म्हणाल्या.